कोळ्यावरचा आळ

भाद्रपद सरत आला, भात पोटरीतून बाहेर पडलं की आमच्या दवाखान्यात एक ठरलेली तक्रार सुरू होते. मानेवर, काखेजवळ, कधी डोळ्याच्या कडेला लालभडक पट्टा, त्यावर बारीक पिवळट फोड, आणि आग सहन न होऊन रडकुंडीला आलेला माणूस. "डॉक्टरबाई, रात्री अंगावर कोळी मुतला." कोणी गेरूचा लेप लावून आलेलं असतं, कोणी नागीण समजून मंत्र घालून. मी विचारते, कोळी पाहिलात का? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: पाहिला नाही, पण घरात आहे ना मोठा.

घरात आहे, एवढ्यावर गुन्हा शाबीत. संगमेश्वर तालुक्यात दवाखाना चालवताना माझे केस पिकले, पण आमच्या घरांतल्या दुसऱ्या कुठल्या जिवावर इतका खोटा आळ आलेला मी पाहिलेला नाही. आळ खोटा ठरला तरी कोळ्याचं जे व्हायचं ते होतंच. माझी खरी काळजी माणसांची आहे, कारण कोळ्याचं नाव घेतलं की खऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो.

त्या लाल पट्ट्याचंच घ्या. कोळी मुतल्याने फोड येत नाहीत. हे काम एका बारीक भुंगेऱ्याचं. जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांब, अंगावर आलटून पालटून काळे नि नारिंगी पट्टे, शेपूट वर उचलून चालतो, पहिल्या नजरेला मुंगीच वाटावा. इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव पिडेरस. तो ओल्या शेतात राहतो, भातावरची कीड खातो, आणि पावसाच्या शेवटी दिव्याच्या उजेडाला घरात येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत मानेवर काही वळवळलं म्हणून आपण हात मारून चिरडतो, तेव्हा त्याच्या अंगातलं पिडेरिन नावाचं रसायन कातडीवर पसरतं. हात जसा फिरला तसा पट्टा उमटतो. फोड लगेच येत नाहीत, दिवस-दीड दिवसाने येतात, आणि तोवर भुंगेरा कोणाच्या लक्षात नसतो. कोळी मात्र भिंतीवर समोर बसलेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूला जखम असेल तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीलाही तसाच डाग उमटतो. तो पाहिला की मला दुसरं काही विचारावं लागत नाही. साबणाने लगेच धुवायचं, चोळायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. आठ-दहा दिवसांत बरं होतं, काळसर डाग काही आठवडे राहतो.

इथवरचं निभावतं. पुढचं निभावत नाही.

पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळा येतात, घसा धरल्यासारखा होतो, पापण्या जड होतात. घरचे अंगभर बघतात, कुठे व्रण दिसत नाही. मग कोणीतरी म्हणतं, काहीतरी चावलं असेल, कोळीबिळी. ही मण्यार असू शकते. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश इतका हलका असतो की झोपलेला माणूस अनेकदा जागाही होत नाही, आणि तिचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं. त्या माणसाला प्रतिसर्पविषाची आणि वेळ आली तर व्हेंटिलेटरची गरज असते. 'कोळी असेल, उतरेल दुपारपर्यंत' असं म्हणत घालवलेला तासच जिवावर बेततो. पापणी उघडी राहत नाही, बोलणं जड झालंय, असं दिसलं की कोळ्याचं नाव काढू नका, गाडी काढा.

दुसरं, काळी खपली. कमरेच्या नाडीखाली, जांघेत, काखेत, बाईमाणसाच्या छातीखाली एखादी न दुखणारी काळी खपली असते आणि तापाने अंग फणफणलेलं असतं. रुग्ण म्हणतो, कोळी चावला होता, ते सुकलं, ताप वेगळाच आहे. ताप वेगळा नसतो. ही स्क्रब टायफसची खूण असू शकते. झुडपांत, गवतात राहणाऱ्या एका सूक्ष्म माइटची अळी चावून तो होतो. 2018 साली नागपूर आणि विदर्भात त्याचा उद्रेक झाला, माणसं दगावली. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे, पण वेळेत ओळखला तरच. खपली लाजेच्या जागी असते, म्हणून रुग्ण ती दाखवत नाही आणि घाईतल्या डॉक्टरकडून बघायची राहते. माझ्या डॉक्टर भावंडांनाही माझं हेच सांगणं आहे की 'स्पायडर बाइट' हे कागदावर लिहायला फार सोपे दोन शब्द आहेत. कोळी कोणी पाहिला नसेल तर ते लिहू नका. मधुमेही माणसाच्या पायावरची सूज, तिथे पसरत चाललेला जंतुसंसर्ग, तोही याच नावाखाली चार-चार दिवस घरी पडून राहतो.

आता भिंतीवरच्या त्या मोठ्या कोळ्याकडे या. कोकणातल्या प्रत्येक न्हाणीघरात, पाणचुलीमागच्या लाकडांत, पडवीच्या तुळईवर तो आहे. हेटेरोपोडा वेनॅटोरिया. पाय पसरले तर तळहात व्यापतो, दहा-बारा सेंटिमीटर. रंग मातकट, अंग चपटं, पाय पुढे-मागे न जाता दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले. मादीच्या डोळ्यांखाली चेहऱ्यावर एक फिकट पिवळसर पट्टी असते. टॉर्च मारून जरा जवळून पाहिलंत तर स्पष्ट दिसते. तो जाळं विणत नाही. रात्री निघतो आणि झुरळं धरतो. लिनियसने 1767 सालीच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. जहाजांतून, केळ्यांच्या घडांतून तो जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचला आहे, पण मूळचा आपल्याच आशिया खंडातला. चावतो का? हाताने दाबलात तर चावेल. गांधीलमाशीसारखं दुखेल, थोडी सूज येईल, उतरेल. याने माणूस मेल्याची खात्रीची नोंद नाही. लाइट लावल्यावर तो जो सुसाट पळतो ना, ते तुमच्यावर धावून येणं नसतं. त्याला फट हवी असते. कधीकधी ती फट तुमच्या बाजूला असते, एवढंच.

घरातले कोळी ओळखायची माझी एक रीत आहे आणि ती मी शाळेतल्या मुलांना आवर्जून शिकवते. रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. आई अंडी कुठे ठेवते ते बघा.

पोटाखाली, पायांच्या कवेत पांढरी चपटी टिकली धरून बसलेली मोठी मादी दिसली तर ती आपली न्हाणीघरातली. त्या टिकलीत शेकडो अंडी असतात आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत कित्येक आठवडे ती टिकली सोडत नाही, बहुतेक काळ उपाशी राहते. बायका तिलाच सर्वांत जास्त घाबरतात, 'पोटात विषाची पिशवी आहे' म्हणतात. विषाची पिशवी कोळ्याच्या पोटात नसतेच, ती पुढे डोक्याकडच्या भागात असते. टिकली असलेली मादी दिसली तर झाडू बाजूला ठेवा. अंगणात, तुळशीच्या कट्ट्याजवळ जमिनीवर धावणारी, राखाडी-तपकिरी, आणि गोळी मागे शेपटाशी चिकटवून ओढत नेणारी दिसली तर ती लांडगा कोळीण. पुढे पिल्लं फुटली की ती सगळी आईच्या पाठीवर बसतात. रात्री टॉर्च डोळ्यांजवळ धरून अंगणातल्या गवतावर उजेड टाका, तिचे डोळे हिरवट चमकतात. छताच्या कोपऱ्यात उलटी लटकलेली, केसाएवढ्या लांब पायांची, तोंडात अंड्यांचा झुबका धरलेली ती फोल्कस किंवा तिची बहीण क्रॉसोप्रायझा. आपण दिवाळीला कुंच्याने काढतो ती बरीचशी जळमटं हिचीच. हात लावला की जाळ्यात बसल्या जागी इतकी जोरात थरथरते की दिसेनाशी होते. 'जगातली सर्वांत विषारी, पण दात लहान म्हणून चावत नाही' ही तिच्याविषयीची गोष्ट पोरासोरांच्या तोंडी आहे. ती खोटी आहे.

आणि चौथी, जिच्यासाठी हे सगळं शिकायचं. तिची अंडी तिच्या अंगाला नसतात, जाळ्यात टांगलेली असतात, आणि ती पिशवी धोत्र्याच्या फळासारखी काटेरी असते, आकाराने वाटाण्याहून थोडी मोठी, रंगाने पिवळट. हे चिन्ह एकदा बघितलं की विसरायला होत नाही. ही लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस, तपकिरी विधवा कोळी. भारतातली तिची पहिली नोंद 2007 साली 'करंट सायन्स'मध्ये आली. अंग वाटाण्यासारखं गोल, पायांवर गडद-फिकट पट्टे, आणि पोटाच्या खालच्या बाजूला नारिंगी डमरू. प्लास्टिकच्या खुर्चीच्या खाली, कुंडीच्या काठाच्या आत, दुकानाच्या शटरच्या खाचेत, कधी न हलवलेल्या स्कूटरच्या चाकाजवळ अशा जागा तिला आवडतात. जाळं वेडंवाकडं, पण धागा चिवट; काडीने ओढला तर ताणतो, तुटताना जाणवतो. ती अतिशय भित्री आहे, डिवचलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेते. तिच्या दंशाने बहुतेकदा तिथल्या तिथे दुखतं, आणि बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. पण तिच्या काळ्या, लाल खुणेच्या बहिणींचं विष मज्जातंतूंवर काम करतं, आणि त्याही भारतात नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून चावल्यानंतर पोट लाकडासारखं कडक झालं, घाम फुटला, अंगात गोळे आले तर घरी थांबायचं नाही. अंगणातली खुर्ची उचलताना काठाच्या आत बोटं घालण्यापूर्वी खाली वाकून बघायची सवय लावा, माझं मागणं एवढंच आहे.

केसाळ मोठ्या कोळ्यांचा, टॅरंट्युलांचा, एक प्रकार आमच्या इथे जांभ्याच्या बांधात बिळं करून राहतो. बिळाच्या तोंडाशी रेशमाचं अस्तर दिसतं. पावसात नर मादीच्या शोधात निघतात, आणि मग एखादा चुकून ओटीवर येतो. झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस हाही सह्याद्रीतला रहिवासी. करड्या अंगावर नक्षी, आणि पुढचे पाय उचलले की खालून झगझगीत पिवळे. याच्या दंशाने स्नायूंत गोळे येतात, ते कित्येक दिवस टिकू शकतात, म्हणून याला हातात घ्यायचं धाडस करू नये. मात्र मारायचंही कारण नाही. हे कोळी पाळण्यासाठी परदेशात चोरून विकले जातात, इतके की 2019 साली सगळ्या पोइसिलोथेरिया प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रणाखाली आला. आपल्या ढोलीतला जीव तिकडे डब्यात विकला जातो आणि इकडे आपण तो रॉकेल ओतून जाळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरोखरच विषारी कोळी घरात असले तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातून मिळालेलं आहे. तिथल्या एका कुटुंबाने 2001 साली सहा महिन्यांत आपल्या घरातून 2,055 ब्राउन रिक्लूज कोळी गोळा केले. रिक्लूजचं विष कातडी कुजवू शकतं, तिकडे त्याची प्रचंड दहशत आहे. त्या घरात चार माणसं राहत होती. एकालाही दंश झाल्याचं आढळलं नाही. कीटकशास्त्रज्ञ रिक वेटर यांनी ही नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या देशातले डॉक्टरही न पाहिलेल्या कोळ्याच्या नावावर जखमा खपवतात हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मांडी कुजल्याचे, बोट काळं पडल्याचे फोटो त्याच रिक्लूजच्या नावाने येतात, खाली मजकूर मराठीत असतो, आणि बघणारी सून न्हाणीघरातल्या झुरळखाऊ कोळ्याकडे बघून घाबरते.

आपल्या देशातलं उदाहरणही जवळचंच आहे. 2012 साली आसामात तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदिया भागात मोठ्या कोळ्यांची अशीच घबराट पसरली. दोन मृत्यू कोळ्याच्या नावावर पडले. दंश झालेल्यांना आधी मांत्रिकांकडे नेलं होतं, तिथे जखमा ब्लेडने चिरून रक्त काढलं गेलं. शवविच्छेदन झालेलं नसल्याने मृत्यूचं कारण कोळ्याचं विष, हे कधीच सिद्ध झालं नाही. बातम्या मात्र 'किलर स्पायडर'च्या निघाल्या.

घबराटीचं दुसरं टोक माझ्या टेबलावर येतं ते फवाऱ्यातून. आंब्यावर मारून उरलेलं औषध घरात असतंच. एका आजीबाईंनी न्हाणीघरातले कोळी जावेत म्हणून ते औषध पंपात भरून दार लावून मारलं आणि वाफा निघत असताना तिथेच आंघोळीला बसल्या. माझ्याकडे आणलं तेव्हा तोंडातून लाळ, डोळ्यांना धारा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अट्रोपिन देत देत रत्नागिरीला पाठवलं, वाचल्या. ज्या कोळ्याने त्यांना आयुष्यात कधी काही केलं नव्हतं त्याच्यापायी हे झालं. शेतातलं कीटकनाशक घरात वापरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. झुरळं कमी करा, कोळी आपोआप कमी होतात. तो तुमच्यासाठी थोडाच आलाय, झुरळांसाठी आलाय.

मला आठवतं ते आमच्या कोकणानेच घालून दिलेलं उदाहरण. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी इथे दहातली तीन-चार माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून बारकाईने पाहिलं, विष हृदयावर काय करतं ते समजून घेतलं, प्रॅझोसिन वापरलं, आणि मृत्यूंचं प्रमाण शेकड्यामागे एकाच्या आसपास आलं. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मंत्रतंत्र, उतारे यांच्या गर्दीतून त्यांनी नेमका विंचू आणि नेमकं औषध वेगळं काढलं. कोळ्यांच्या बाबतीत तेवढी मेहनत लागणारही नाही, कारण शास्त्रज्ञांनी काम करून ठेवलं आहे. बी. के. टिकादारांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या कोळ्यांचा अभ्यास केला, त्यांचं 'हँडबुक ऑफ इंडियन स्पायडर्स' 1987 साली आलं. आजही आपली तरुण मुलं नवे कोळी शोधत आहेत. ठाण्यात सापडलेल्या एका इवल्या उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 साली आयसियस तुकारामी नाव दिलं गेलं, कसाबला पकडताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ज्या कुळातल्या जिवाला आपल्या शहीद पोलिसाचं नाव मिळतं, त्याच कुळातला कोळी खिडकीच्या काचेवर माशी टिपताना दिसला की आपण चप्पल काढतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं चित्र लावलेलं असतं. त्याच्या शेजारी एक तक्ता लावा: न्हाणीघरातला मोठा कोळी, अंगणातला लांडगा कोळी, जळमटवाला, काटेरी पिशवीवाला, बिळातला केसाळ, आणि यांच्याबरोबर तो काळा-नारिंगी भुंगेरा व स्क्रब टायफसची काळी खपली. खाली मराठीत दोन ओळी: कशाला घाबरायचं नाही, कशासाठी लगेच यायचं. आशाताई तो घरोघर दाखवू शकतील. वृत्तपत्रांनीही, या वृत्तपत्रासकट, कोणी जाणकाराने प्राणी ओळखल्याशिवाय 'विषारी कोळ्याचा दंश' असा मथळा छापू नये.

आणि खरंच कोळी चावला असेल, डोळ्यांनी पाहिला असेल, तर जखम साबणाच्या पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ धरा, चिरू नका, दोरी बांधू नका, चुना-तंबाखू लावू नका. कोळी चिरडून त्याचा लगदा आणू नका, त्यावरून मला काही कळत नाही. मोबाइलवर दोन फोटो काढा, एक पाठीचा, एक जमलं तर काचेच्या ग्लासखालून पोटाचा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार समजेल. अंडी कुठे धरली आहेत तेही टिपा. मग या. रात्री आलात तरी चालेल, दार ठोठवा.